हर्मेयस मोराला नेमकं हवंय तरी काय?

सोल्स्थाइम बेटाच्या ईशान्य टोकाला स्काल लोकांची वस्ती आहे. मोजकी लाकडी घरं, चहूकडे बर्फ, सतत घोंघावणारा वारा. या वस्तीचा म्हातारा शमन, स्टॉर्न, तुमच्या हातातलं काळं पुस्तक घेतो आणि उघडतो. पुढच्या काही क्षणांत त्या पुस्तकाच्या मालकाचे, हर्मेयस मोराचे, काळे, लवलवते हात स्टॉर्नच्या शरीरातून आरपार गेलेले असतात. त्याची मुलगी फ्रेआ तिथेच असते. आणि ते पुस्तक गावात आणलेलं असतं तुम्ही.

'स्कायरिम'चा 'ड्रॅगनबॉर्न' हा विस्तार खेळताना मी इथे पोचलो तेव्हा गेम थांबवला, आधीचा सेव्ह लोड केला आणि स्टॉर्नशी पुन्हा बोलून बघितलं. दुसरा काही मार्ग निघतो का, एखादं वेगळं उत्तर देता येतं का, हे शोधत राहिलो. मार्ग नाही. गोष्ट पुढे न्यायची तर म्हाताऱ्याने ते पुस्तक वाचायलाच हवं. तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही. ज्याच्याकडे जगातली जवळजवळ सगळी पुस्तकं आहेत, त्याला बर्फातल्या एका म्हाताऱ्याच्या मनातल्या चार गोष्टींसाठी एवढा जीव का टाकावासा वाटला?

हा लेख त्याच प्रश्नाबद्दल आहे. गेम न खेळलेल्यांनाही समजेल असं लिहायचा प्रयत्न करतो. कथेतली जवळजवळ सगळी वळणं मात्र यात उघड होतील, तेव्हा खेळायचं बाकी असेल तर आधी खेळून या.

थोडी पार्श्वभूमी. 'द एल्डर स्क्रोल्स' ही बेथेस्डा कंपनीची फँटसी गेमची मालिका. तिचा पाचवा मुख्य भाग 'स्कायरिम' ११ नोव्हेंबर २०११ रोजी आला आणि 'ड्रॅगनबॉर्न' त्यानंतर वर्षभराने, डिसेंबर २०१२ मध्ये. या जगात 'डेड्रिक प्रिन्स' नावाच्या महाशक्ती आहेत. त्यांना देव म्हणावं तर त्यांनी माणसांचं जग घडवलेलं नाही, आणि राक्षस म्हणावं तर काही जणांची मनोभावे पूजा होते. प्रत्येकाचं एकेक क्षेत्र ठरलेलं आहे. शिओगोराथकडे वेड, मोलाग बालकडे दुसऱ्याला गुलाम करणं, अझुराकडे पहाट आणि तिन्हीसांज. अझुरा स्त्रीरूपात दिसते, तरी पदवी 'प्रिन्स'च. हर्मेयस मोराचं क्षेत्र आहे ज्ञान, स्मृती आणि नियती.

त्याला चेहरा नाही. असंख्य डोळे आणि ऑक्टोपससारखे हात यांचा एक काळा लोळ हवेत तरंगत असतो, आणि त्यातून अतिशय संथ, ओढलेला आवाज येतो. 'स्कायरिम'चा मुख्य खलनायक आल्डुइन हा जग गिळायला निघालेला ड्रॅगन आहे. तो आकाशातून आग ओततो, गावं जाळतो, त्याचा हेतू पहिल्या भेटीतच कळतो. मोरा कधी आवाजसुद्धा चढवत नाही. घाईत असलेल्यांचा आवाज चढतो; मोराकडे वेळ अमाप आहे.

त्याच्या राज्याचं नाव अपॉक्रिफा. हिरवट आकाश, खाली शाईसारखा काळा समुद्र, त्यात पाय पडला तर अंगावर वार झाल्यासारखं आयुष्य कमी होतं. आणि पुस्तकं. पुस्तकांचे खांब, पुस्तकांच्या भिंती, पुस्तकांच्या कमानी. त्यांतून 'सीकर' नावाचे अनेक हातांचे प्राणी हिंडत असतात. यातल्या भिंती नीट निरखून बघा. त्यात रचलेली पुस्तकं उघडता येत नाहीत, ती नुसती रचलेली आहेत. गेम बनवताना हे तांत्रिक सोयीपोटी झालं असेल हे मला मान्य आहे. तरी मोराला ओळखायचं असेल तर या भिंतींइतकी चांगली खूण दुसरी नाही. ग्रंथालयातलं पुस्तक वाचलं जातं, परत येतं, दुसऱ्याच्या हातात जातं. इथे ते विटेच्या जागी बसवलेलं आहे.

आता तो माणसांशी कसा वागतो ते बघू. दोन गोष्टी सांगतो, एक थोडी लांब आणि एक छोटी.

लांब गोष्ट सेप्टिमस सिग्नसची. विंटरहोल्ड नावाच्या गावात जादूगारांचं विद्यालय आहे. त्याच्या उत्तरेला, गोठलेल्या समुद्रातल्या हिमखंडात एक पोकळी आहे आणि तिथे हा विद्वान एकटा राहतो. एल्डर स्क्रोल्स नावाच्या गूढ गुंडाळ्यांवरचा या जगातला हा मोठा जाणकार. त्या गुंडाळ्यांच्या अभ्यासाने त्याचं बोलणं विस्कटलेलं आहे. वाक्याच्या एका टोकाचा दुसऱ्याशी मेळ लागत नाही. त्याच्यासमोर ड्वेमर लोकांची एक प्रचंड, बंद पेटी आहे. ड्वेमर ही विलक्षण हुशार जमात, यंत्रं बनवणारी, आणि एके दिवशी सगळीच्या सगळी नाहीशी झालेली. पेटीचं कुलूप ड्वेमर रक्तानेच उघडतं, आणि ड्वेमर तर उरलेले नाहीत. मग सेप्टिमस तोडगा काढतो: त्यांच्या नात्यातल्या पाच जमातींचं रक्त एकत्र करायचं. हाय एल्फ, वुड एल्फ, डार्क एल्फ, ऑर्क आणि फाल्मर. ते गोळा करायचं काम अर्थातच आपलं.

हे काम घेऊन निघताना वाटेत पहिल्यांदा मोरा आडवा येतो आणि सरळ सांगतो की पेटी उघडली की सेप्टिमसचा उपयोग संपेल, त्याची जागा तू घे. सेप्टिमस त्या वेळी आत, काही पावलांवर, आपल्या पेटीपाशी असतो. शेवटी पेटी उघडते. आत 'ओग्मा इन्फिनियम' नावाचा ग्रंथ. सेप्टिमस आत जातो, ग्रंथ बघतो आणि जागच्या जागी त्याची राख होते.

आयुष्यभर ज्याच्या मागे लागला ते एकदाचं समोर आलं, आणि त्याच क्षणी तो संपला. मोराला त्याच्या विद्वत्तेचं सोयरसुतक नव्हतं. कुलूप उघडणारा हात हवा होता. मालिकेच्या आधीच्या भागात, २००६ च्या 'ऑब्लिव्हियन'मध्येही हेच दिसतं. तिथे मोरा आपल्याकडून दहा वंशांतल्या प्रत्येकी एकाचा आत्मा मागतो, भविष्य वाचण्यासाठी. दोन्ही गेममध्ये माणूस त्याच्या लेखी नमुना आहे, प्रयोगशाळेत बाटलीत ठेवतात तसा.

ओग्मा इन्फिनियमच्या नावामागे एक सुंदर दंतकथा आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. हा ग्रंथ झार्क्सिसने लिहिला असं या जगात मानतात. झार्क्सिस म्हणजे एल्फ लोकांच्या मुख्य देवाचा लेखनिक, सगळ्यांच्या पूर्वजांची नोंद ठेवणारा. त्याच्या बायकोचं नाव ओग्मा. इतिहासातले आपले सर्वांत आवडते क्षण एकत्र करून त्याने तिला घडवलं. ज्ञानाचं वेड असंही असू शकतं, ज्यात माणूस इतिहासाच्या प्रेमात पडतो आणि त्यातून कुणीतरी जिवंत होऊन समोर उभं राहतं. तोच ग्रंथ मोराच्या हाती आला की राखेचं कारण होतो.

छोटी गोष्ट मिराकची. हा पहिला ड्रॅगनबॉर्न. म्हणजे देह माणसाचा, आत्मा ड्रॅगनचा. फार पूर्वी तो ड्रॅगनांचा पुरोहित होता. त्यांच्यावर उलटला, आणि उलटण्याचं बळ त्याला मोराने दिलं. बंड फसलं, तो मरणार तेवढ्यात मोराने त्याला अपॉक्रिफात ओढून घेतलं. वाचवलं म्हणा हवं तर. पण हजारो वर्षं मिराक तिथेच आहे. आपण सोल्स्थाइमवर पोचतो तेव्हा बेटावरची माणसं रात्री झोपेत चालत जाऊन दगडांभोवती बांधकाम करत असतात. ती मिराकच्या अमलाखाली आहेत, कारण त्याला त्यांच्या कष्टांवर पाय देऊन परत यायचं आहे. मी त्याला निर्दोष ठरवत नाही. पण त्याला हवी होती सुटका. मोराच्या जगात इतकं साधं काही मागणारं पात्र मला दुसरं आठवत नाही.

मोराची सौदा करायची पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. मिराकला हरवायला आपल्याला 'बेंड विल' नावाचा मंत्र, म्हणजे गेमच्या भाषेत शाउट, पूर्ण शिकावा लागतो. त्याचे तीन शब्द. पहिला शब्द बेटावरच एका भिंतीवर कोरलेला सापडतो. दुसऱ्यासाठी नेलोथ नावाच्या चक्रम जादूगाराच्या मदतीने, पाण्यात बुडालेल्या ड्वेमर अवशेषांतून एक काळं पुस्तक मिळवावं लागतं. ते वाचलं की मोरा भेटतो आणि दुसरा शब्द देऊन टाकतो, हातचं काही न मागता. तिसऱ्यासाठी मात्र किंमत आहे. आधी चव द्यायची, जिभेवर रेंगाळू द्यायची, मग ताट दाखवून दाम सांगायचा. इथवर आलेला खेळाडू मागे फिरत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

आणि दाम काय? स्काल लोकांची गुपितं. वाऱ्याशी कसं बोलायचं, जमिनीचं कसं ऐकायचं. शमनाकडून पुढच्या शमनाकडे, तोंडातून कानाकडे आलेलं ज्ञान.

इथे जरा थांबूया, कारण मोराच्या हेतूची किल्ली इथेच आहे असं मला वाटतं. शक्ती हवी म्हणून तो हे मागतो का? ज्याच्या एका पुस्तकाने वाचणाऱ्याची कौशल्यं झटक्यात वाढतात, त्याला वाऱ्याशी बोलून कोणती शक्ती मिळणार? धोका म्हणून? मूठभर स्काल त्याचं काय वाकडं करणार? कुतूहल म्हणावं, तर कुतूहल असलेला प्रश्न विचारतो, ऐकून घेतो, आणि ज्याने सांगितलं त्याला जिवंत सोडतो. निदान आणखी काही विचारता यावं म्हणून तरी.

त्याला खुपत होतं ते वेगळंच. स्कालांचं ज्ञान लिहिलेलं नव्हतं. लिहिलेलं असतं तर केव्हाच त्याच्या भिंतीत बसलं असतं. ते माणसांत राहत होतं. एक म्हातारा गेला की दुसऱ्यात, दुसरा गेला की तिसऱ्यात. अपॉक्रिफाच्या एवढ्या पसाऱ्यात तेवढा एक कोनाडा रिकामा होता. संग्रहाचं वेड लागलेल्याला भरलेली हजार कपाटं दिसत नाहीत, एक रिकामी जागा दिसते. ती भरण्यासाठी तो कितीही काळ वाट बघतो. स्काल ज्यांच्यातलेच, त्या नॉर्ड लोकांच्या जुन्या कथांत हर्मा-मोरा (म्हणजे मोराच) हा रानातला भुलवणारा आहे, जो त्यांच्या पूर्वजांना गोड बोलून एल्फ करायला निघाला होता, आणि इस्ग्रामोर हा त्यांचा वीरपुरुष त्याच्या कचाट्यातून कसा निसटला याच्याच कितीतरी कथा आहेत. स्कालांना हे वैर पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. एक दिवस गुपितं द्यावी लागतील हेही त्यांच्या परंपरेत सांगितलेलं होतं. म्हणून स्टॉर्न फसत नाही. काय होणार याची कल्पना असूनही आपल्या लोकांना मिराकपासून वाचवायला तो पुस्तक उघडतो.

आणि मोरा ते ज्ञान घेतो कसं, हेही महत्त्वाचं. एरवी ज्ञान दिलं तर देणाऱ्याकडे ते उरतं. शाळेतल्या बाईंनी पाढे शिकवले म्हणून त्या स्वतः पाढे विसरत नाहीत. पैसा, जमीन, भाकरी यांच्यापेक्षा ज्ञान वेगळं ठरतं ते इथेच. मोरा नेमका हाच गुण मोडून काढतो. स्टॉर्नकडून घेताना तो स्टॉर्नलाच संपवतो, म्हणजे ज्ञान भाकरीसारखं होतं: माझ्याकडे आलं, तुझ्याकडचं गेलं. जाणून घेण्याची हाव मला समजते, ती मलाही आहे. ही हाव वेगळी आहे. यात आपल्याला कळण्यापेक्षा दुसऱ्या कुणालाही न कळण्याचं सुख मोठं आहे.

याच जगातल्या मॉथ प्रीस्ट नावाच्या पुजाऱ्यांशी त्याची तुलना करून बघा. एल्डर स्क्रोल्स वाचणं हे त्यांचं आयुष्यभराचं व्रत. वर्षानुवर्षं तयारी करायची, मोजक्या वेळा वाचायचं, आणि प्रत्येक वाचनागणिक नजर मंद होत शेवटी पूर्ण जाते. 'डॉनगार्ड' या विस्तारात डेक्सियन नावाचा पुजारी घाईत, पुरेशी तयारी न करता वाचतो आणि आंधळा होतो. ज्ञानाची किंमत इथेही आहे, आणि ती भयंकर आहे. पण वाचणारा ती स्वतःच्या डोळ्यांनी फेडतो आणि वाचलेलं इतरांना सांगतो. मोराच्या बाबतीत किंमत नेहमी दुसऱ्याच्या खिशातून जाते: सेप्टिमसच्या, मिराकच्या, स्टॉर्नच्या.

हे सगळं मी आधीच मानत होतो, पण खात्री पटली ती 'द एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन'मुळे. या गेमची गोष्ट 'स्कायरिम'च्या साडेनऊशे वर्षं आधी घडते. २०२३ च्या 'नेक्रोम' आणि २०२४ च्या 'गोल्ड रोड' या भागांत मोराचं एक जुनं कृत्य बाहेर येतं. एकेकाळी इथेलिया नावाची आणखी एक डेड्रिक प्रिन्स होती. तिचं क्षेत्र वाटा: घडू शकल्या असत्या अशा सगळ्या शक्यता. ती त्या शक्यतांना हात घालू शके, म्हणून सगळं वास्तवच मोडून पडण्याचा धोका मोराला दिसला. त्याने तिला बंदिस्त केलं आणि तिची आठवण जगातून पुसून टाकली. इतर डेड्रिक प्रिन्सच्या मनातूनसुद्धा.

स्मृतीचा स्वामी, आणि त्याचं सर्वांत मोठं काम विस्मरण. मला यात विसंगती दिसत नाही. ज्ञानावर ज्याला ताबा हवा आहे त्याला जपणं आणि पुसणं ही दोन वेगळी कामं नसतात. कोणतं पान कुणी बघायचं हे एकट्याने ठरवायचं असलं की काही पानं कपाटात जातात, काही आगीत. शिवाय तो नियतीचाही मालक आहे. इथेलियाच्या असण्याने पुढे काय होणार हे अनिश्चित होतं. स्टॉर्नच्या मनात काय आहे हेही त्याला वाचता येत नव्हतं. दोन्हींत त्याला सलणारी गोष्ट एकच: आपल्याला न दिसणारा एक कोपरा.

त्याच्या बाजूनेही बोलायला हवं. या ऑनलाइन गेममध्ये तो आपला साथीदार आहे, आणि इथेलियापासून असलेला धोका खोटा नव्हता. त्याच्या राज्यात जाऊन खरोखर रमलेलेही आहेत. मालिकेतल्या एका पुस्तकात मोरियन झेनास नावाच्या विद्वानाची हकिकत येते. तो डेड्रिक प्रिन्सच्या एकामागून एका राज्यात हिंडतो, प्रत्येक ठिकाणाहून निसटतो, आणि अपॉक्रिफात पोचल्यावर मात्र परत येत नाही. त्याचा शिष्य वाट बघत राहतो. शिवाय मोरा सौद्याला पक्का आहे. कबूल केलेला तिसरा शब्द तो स्टॉर्नच्या मृतदेहाशेजारीच देऊन टाकतो. करार पाळणारा म्हणून त्याला कुणी सज्जन म्हटलं तर मी भांडणार नाही, पण पटायचं नाही. करारात ज्याचा जीव गेला, त्याच्याशी करार झालाच नव्हता. तो आपल्याशी झाला होता.

मिराकचा शेवटही असाच. अपॉक्रिफातल्या उंच मनोऱ्यावर आपण त्याला जवळजवळ हरवतो. तो लपून बरं व्हायला बघतो आणि मोरा त्याला तिथेच टोचून उचलतो. इथे माझ्यापासून काही लपत नाही, असं बजावतो, आणि आता नवा ड्रॅगनबॉर्न सेवेला मिळाला आहे म्हणतो. मिराकची जागा भरली गेली. कोनाडा रिकामा ठेवायची त्याला सवय नाही. तो नवा ड्रॅगनबॉर्न म्हणजे आपण, आणि आपल्याला बक्षीसही मिळतं: यापुढे मिराकपर्यंत नेणारं काळं पुस्तक उघडून, एका ड्रॅगनचा आत्मा खर्चून, एखाद्या कौशल्यात गुंतवलेले गुण मोकळे करून पुन्हा वाटता येतात. मी ही सोय वापरली आहे, अनेकदा. बेटावर एकूण सात काळी पुस्तकं आहेत, तीही सगळी शोधून काढली. प्रत्येक उघडताना स्टॉर्न आठवला, आणि तरीही उघडलं.

त्यानंतर मी स्कालांच्या वस्तीत परत गेलो होतो. शेवटचा शब्द माझ्याकडे होता, मिराक मेला होता, बेटावरची माणसं रात्री आपापल्या घरी झोपत होती. फ्रेआशी बोललो. मला विचारायचं होतं ते विचारायची सोय गेममध्ये नाही. वाऱ्याशी बोलायचं म्हणजे काय करायचं, जमिनीचं ऐकताना काय ऐकू येतं, हे तिच्या वडिलांना ठाऊक होतं आणि आता मोराला ठाऊक आहे. ते त्याच्यापर्यंत पोचवलं मी, आणि ते काय होतं हे मला गेम कधीच सांगत नाही.